जत्रेच्या मिटिंगला गर्दी, ग्रामसभेला रिकाम्या खुर्च्या

आमच्या बेळगाव तालुक्यातल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं त्याहूनही जास्त. यात्रा ठरली की वर्षभर आधीपासून देवळासमोर मिटिंगा सुरू होतात. रात्रीची जेवणं आटोपून माणसं येतात, उद्यमबागेत ओव्हरटाइम करून सुटलेली पोरं डब्याची पिशवी हातात घेऊन तशीच मागं उभी राहतात. दर घरामागं वर्गणी किती, गोव्याला आणि पुण्याला गेलेल्यांनी किती द्यायची, रथाचं लाकूड कुठून आणायचं, मांडव कुणाला द्यायचा, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद चालतो. यात्रा संपली की हिशेब वाचून दाखवतात. "भंडाऱ्याची पोती एवढ्याला कशी?" असं विचारणारे एक तात्या प्रत्येक गावात असतातच, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय मिटिंग उठत नाही.

त्याच गावात, त्याच महिन्यात, सकाळी अकराला समुदाय भवनात ग्रामसभा असते. पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतात, सदस्य असतात, त्यांना बसायला सांगितलेल्या अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई असतात, घरकुलाच्या यादीत नाव यावं म्हणून आलेली पंधरा-वीस माणसं असतात. बाकी प्लास्टिकच्या खुर्च्या.

मी दोन्हीकडं बसलोय. म्हणून "आपल्या लोकांना सार्वजनिक कामाची आवड नाही" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. जत्रेचा हिशेब पै-पैसा तपासणारा गाव लाखो रुपयांच्या आराखड्याकडं पाठ फिरवतो, तर त्याला कारणं आहेत. काही कायद्यात आहेत, काही कारभारात आहेत, काही आपल्यात आहेत. आणि सीमाभागात त्यावर भाषेचा आणखी एक थर आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि त्याच वर्षी कर्नाटकानं आपला पंचायत राज कायदा केला. ग्रामपंचायत, तालुका पंचायत, जिल्हा पंचायत असे तीन मजले. ग्रामपंचायतीत साधारण चारशे लोकसंख्येमागं एक सदस्य, निवडणूक पक्षचिन्हाशिवाय, निम्म्या जागा बायकांना. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की कायद्यात गावकऱ्यांच्याही दोन सभा आहेत. एक वॉर्डसभा, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या मतदारांची. तिचा अध्यक्ष वॉर्डाचा सदस्य. दुसरी ग्रामसभा, म्हणजे पंचायतीतल्या सगळ्या मतदारांची. तिचा अध्यक्ष पंचायतीचा अध्यक्ष. दोन सभांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडायचं नाही. गणपूर्तीसाठी कायदा मतदारांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त माणसं मागत नाही. मतदारयादीत नाव असलं की तुम्ही या सभेचे सदस्यच. प्रेक्षक म्हणून बसायचं कारण नाही.

या सभांचं काम काय? वॉर्डात कुठली कामं हवीत, आधी कुठलं, मग कुठलं, हे वॉर्डसभेनं सुचवायचं. घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी याच सभांतून पुढं यायचे. मग ते सगळं ग्रामसभेत, तिथून पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात. या आराखड्याची देशभरची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. म्हणजे पावसात घरात पाणी शिरलं तर त्याचं गटार मागायची वेळ त्याच पावसाळ्यानंतरची ऑक्टोबर-नोव्हेंबरची. आपण ते मागतो पुढच्या जूनमध्ये, पाणी परत आत आल्यावर. तोवर आराखडा बंद झालेला असतो आणि पीडीओ म्हणतात, "या वर्षी निधी नाही." ते खोटं बोलत नसतात. आपण गाडी सुटल्यावर स्टँडवर पोचलेले असतो.

निधीचंही एक समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाकडून २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना जो पैसा आला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणं. म्हणून "कमान बांधा" म्हणणाऱ्याला नाही ऐकावं लागतं आणि "सांडपाण्याचं काम करा" म्हणणाऱ्याला कागदावर जागा असते. कुठल्या खात्यातला पैसा कशाला चालतो हे ज्याला कळतं, त्याची मागणी टिकते. जत्रेत वर्गणी आपण दिलेली असते, म्हणून तिचा माग आपल्याला लागतो. पंचायतीचा पैसा वरून येतो असं वाटतं आणि आपण त्याच्याकडं परक्याच्या पैशासारखं बघतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी आपणच भरतो, हे त्या वेळी आठवत नाही.

आता प्रत्यक्ष एक ग्रामसभा. आमच्याच भागातली, गावाचं नाव नको. आमच्या गल्लीतल्या एक काकू, साठीच्या पुढच्या, आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठून बोलल्या. "वरच्या गल्लीचं पाणी सगळं माझ्या उंबऱ्यात येतंय. मी दर पावसाळ्यात पोत्यात माती भरून लावतो. गटारच नाही तर पाणी जाणार कुठं? मी चार वर्षं सांगतोय, खरं कुणी लिहूनच घेत नाही." पीडीओ बैलहोंगलकडचे, स्वभावानं भले. मोडक्या मराठीत म्हणाले, "आज लिवतो काकू." आणि त्यांनी शेजारच्या कारकुनाला कन्नडमध्ये सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं. काकू खूश होऊन खाली बसल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी मी दुसऱ्या कामाला पंचायतीत गेलो होतो. शाळेत सक्तीनं शिकलेली कन्नड अशा वेळी उपयोगी पडते. वही बघायला मागितली. काकूंच्या नावापुढं लिहिलं होतं: 'चरंडी दुरस्ती'. चरंडी म्हणजे गटार. दुरस्ती म्हणजे आपली दुरुस्तीच. जे गटार नाहीच, त्याची दुरुस्ती! तिथं हवा होता 'निर्माण' हा शब्द, तो दोन्ही भाषांत एकच आहे. कारकुनानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, दिवसभर त्याच्या हाताला दुरस्ती लिहायचीच सवय. खरं पुढं काय होतं बघा. दुरुस्तीच्या यादीत गेलेलं काम किरकोळ खर्चाचं. इंजिनिअर येऊन बघणार, म्हणणार, इथं दुरुस्त करायला काही नाही. शेरा मारणार. काम संपलं. आणि काकू म्हणणार, बोलून काही उपयोग नाही.

माझं सगळं म्हणणं या एका शब्दाभोवती आहे. सभेत आपण काय बोललो त्याला सरकारदरबारी वजन नाही. वहीत काय उतरलं त्याला आहे. आणि सीमाभागात बोलणं आणि उतरणं यांच्या मधे एक भाषांतर घडतं, जे करणाऱ्याला कुणी तपासत नाही. पुढं तोच ठराव पंचायतीच्या 'पंचतंत्र' नावाच्या संगणक-प्रणालीत जातो. नाव गोष्टीतलं आहे, खरं तिथं गेलेली गोष्ट बदलायला फार हेलपाटे पडतात.

मग भाषेबाबत कायदा काय सांगतो? इथं आपल्याकडं दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. एक गट म्हणतो, कर्नाटकात मराठी अर्ज चालतच नाही. दुसरा म्हणतो, सगळे कागद मराठीत मिळालेच पाहिजेत असा कायदाच आहे. दोन्ही अर्धं खरं.

घटनेचं कलम ३५० सांगतं की केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत नागरिकाला आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्यापुढं मांडता येतं. म्हणजे गटाराचा, पाण्याचा, रस्त्याचा तक्रारअर्ज मराठीत देणं हा तुमचा हक्क आहे, मेहरबानी नाही. "कन्नडमध्ये लिहून आणा" असं खिडकीतून सांगितलं तर हे कलम शांतपणे सांगावं. मात्र उत्तर मराठीत मिळेल असं त्या कलमात लिहिलेलं नाही. दुसरी गोष्ट, १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं जे संरक्षण मान्य केलं, त्यात जिथं अल्पसंख्य भाषकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त आहे, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही छापाव्यात असं आहे. बेळगाव जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे त्यापेक्षा जास्त आहेत. पण हा कोर्टात दाखवून लगेच बजावून घेता येईल असा कायदा नाही, मान्य केलेला संकेत आहे. म्हणूनच बेळगाव महापालिकेत सभेची विषयपत्रिका मराठीत द्या ही मागणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

आणि तिसरी गोष्ट, जिथं बहुतेकजण अडकतात. माहिती अधिकाराचा अर्ज. २००५च्या कायद्यानं तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा आहे. बेळगावात राजभाषा कन्नड. म्हणजे तक्रार मराठीत चालते, पण माहिती मागायचा अर्ज मराठीत दिला तर तो परत करायला त्यांना कारण मिळतं. उपाय सोपा आहे: हिंदीत लिहा. लिपी तीच, शब्द बरेचसे तेच. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, आणि कर्नाटकाच्या नियमाप्रमाणं दीडशे शब्दांच्या आत. आपली माणसं अर्जाची सुरुवातच सीमाप्रश्नाच्या इतिहासापासून करतात आणि मूळ प्रश्न येईस्तोवर दीडशे शब्द संपलेले असतात. "अमुक वॉर्डातल्या गटारासाठी अमुक वर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, मोजमाप वहीची प्रत द्या." एवढंच लिहावं. उत्तराला ३० दिवस.

आता जे लिहितोय त्यावर काहीजण रागावतील. मला वाटतं आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी कन्नड वाचायला शिकावं. बोलता बऱ्याच जणांना येतं, बाजारात बोलतोच. वाचता येत नाही. आणि दफ्तराची कन्नड वाचायला शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही, कारण तिच्यातले निम्मे शब्द आपल्या घरचेच आहेत. अर्ज तिथं 'अर्जी', ठराव 'ठरावु', नक्कल 'नकलु', हजेरी 'हाजरी', तक्रार 'तकरारु', खर्च 'खर्चु', उतारा तर 'उतार'च. लिपी ओळखली की पानभर मजकुरातून आपल्या कामाची ओळ सापडते. हे केल्यानं मराठीचा हक्क सुटत नाही. कलम ३५० आहे तिथंच राहतं. उलट समोरच्यानं काय लिहिलंय हे वाचता येणाऱ्या माणसाचा मराठी अर्ज जास्त जपून हाताळला जातो, हे मी बघितलंय.

आणि सगळं भाषेवर ढकलूही नये. गोकाक-सौंदत्तीकडं जा, सगळा गाव कन्नड, वही कन्नड, पीडीओ कन्नड, आणि ग्रामसभेतल्या खुर्च्या तिथंही रिकाम्याच. इकडं बिदरच्या भालकी-औरादला किंवा कारवारकडं जोयड्याला गेलात तरी फार वेगळं दिसत नाही. भाषेची अडचण खरी आहे, पण ती अनेकांना सोयीचीही आहे. गटार तुंबलं की निवडून आलेला म्हणतो, "आपण मराठी म्हणून निधी देत नाहीत." अधिकारी म्हणतो, "हे लोक प्रत्येक गोष्टीत भाषा आणतात." दोघांच्या बोलण्यात गटार कुठंच नसतं.

वेळेचंच घ्या. अकराची सभा म्हणजे कुणाची सोय? कारखान्यात जाणारा येत नाही. भाजी घेऊन पहाटे मार्केटला गेलेली बाई अकराला परतते ती थेट चुलीपाशी. रोप लावणीच्या दिवसांत तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्रीच. गोव्यात कामाला असलेला खानापूरचा तरुण मतदार आहे, पण मंगळवारच्या सभेला तो कुठून येणार? वेळ बदलून मागता येते. वॉर्डसभा तर सदस्यानं मनात आणलं तर रविवारी घेता येते. कुणी लेखी मागितल्याचं मी फारसं पाहिलं नाही.

निम्म्या जागा बायकांना आहेत हे वर आलंच. निवडून आलेल्या काही बाया इतक्या खमक्या निघाल्यात की पीडीओ त्यांना बघून खुर्ची सावरून बसतात. पण कित्येक ठिकाणी खुर्चीवर नाव बाईचं आणि बोलणं नवऱ्याचं. कायद्यात नवऱ्याला काहीही जागा नाही. तरी "मेंबर आले का?" म्हटलं की सगळे त्याच्याकडंच बघतात. बदल होतो तो बहुतेक बचत गटांतून. आठवड्याला हिशेब लिहायची आणि वाचायची सवय लागलेल्या बायका सभेला गटानं आल्या की चित्र पालटतं. एकटी बाई बोलली तर तिला खाली बसवतात, वीसजणी बसलेल्या असल्या की ऐकून घेतात.

आणि भीती. हिच्याबद्दल सभेत कुणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर सगळे बोलतात. घराचा उतारा ई-स्वत्तूमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीत, चढवायचा आहे, नळजोडणी हवी आहे, घरकुलाचा हप्ता अडकलाय. ज्यांच्याकडं ही कामं, त्यांनाच सभेत हिशेब कसा विचारायचा? "बोललो की उतारा अडतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता म्हणीसारखं झालंय. म्हणून प्रश्न एकट्यानं विचारू नये. गल्लीतल्या दहा-पंधरा सह्यांचा अर्ज असला की कुणाचा उतारा अडवायचा, हे ठरवणं अवघड जातं.

हिशेब विचारायची एक हक्काची जागा मात्र आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नाही: जमाबंदी. कर्नाटकात दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात प्रत्येक पंचायतीनं मागच्या वर्षीचा जमाखर्च लोकांसमोर मांडायचा, कागदपत्रं बघायला ठेवायची, आणि झालेली कामं जागेवर दाखवायची असा नियम आहे. म्हणजे आपल्या जत्रेच्या हिशेबाचीच सरकारी आवृत्ती. पण हे दिवस गणपतीच्या आसपासचे. सगळा गाव मंडपात असतो आणि जमाबंदी पाच-दहा माणसांत, फोटो काढून उरकते. भंडाऱ्याच्या पोत्याचा भाव विचारणाऱ्या तात्यांना मी एकदा म्हटलं, "तात्या, जमाबंदीला चला की." म्हणाले, "ते सरकारचं काम. आपण काय करणार तिथं?" पंचायतीचं काम 'सरकारचं' आणि देवळाचं 'आपलं', ही गाठ सुटायला वेळ लागणार.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात ग्रामसभेला एकदम वेगळं वजन येतं. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, आणि त्याच्या पोटात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २००६च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा आधी ग्रामसभेपुढंच जातो. त्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. पंचायतीच्या सभेपेक्षा कितीतरी कडक अट. आणि तिथं माणसं येतात, पाऊस असो, रस्ता नसो. कारण निर्णय आपल्याच जमिनीचा असतो.

उलट टोक म्हणजे महामार्गाचं भूसंपादन. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं लढले, कोर्टात गेले. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ग्रामसभेला विचारायची सोयच नाही. दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका देशी भाषेतल्या, अधिसूचना छापायची. राजपत्रात अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची. ती देशी भाषा कन्नड असली की नियम पाळला गेला. आणि ज्याच्या तिबार पिकाच्या जमिनीवर रेघ पडली तो माणूस मराठी पेपर वाचत असतो. त्याला कळतं ते मोजणीवाले बांधावर उभे राहिल्यावर, २१ दिवस कधीच उलटून गेलेले. आंदोलनाला माणसं हजारांनी येतात. पहिल्या २१ दिवसांत हरकती किती गेल्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शहराची कथा आणखी वेगळी. गावात चारशे माणसांमागं एक सदस्य. बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड, आणि २०११च्या जनगणनेचा आकडा धरला तर एका नगरसेवकामागं आठ हजारांच्या वर माणसं. म्हणूनच ७४व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांहून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या, आणि कर्नाटकाच्या महापालिका कायद्यात २०११ साली त्याची तरतूद आली. नगरसेवक अध्यक्ष, बाकी दहाजण नागरिक, त्यात किमान तीन बायका, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, दोन रहिवाशांच्या संघटनांचे. कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात नगरसेवकाला वाटतं, आपल्या वाटणीला हे दहा कोण आले? त्यामुळं अशा समित्या मागून, अर्ज करून, पाठपुरावा करूनच पदरात पडतात.

पण समितीची गोष्ट सोडा, बेळगावात सभागृहच कित्येकदा नसतं. महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ साली महापालिका बरखास्त झाली. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी माणसं निषेध म्हणून जो काळा दिन पाळतात त्यात महापौर-उपमहापौर सहभागी झाल्यावर २०११च्या डिसेंबरात परत. ते बरोबर की चूक हा वाद इथं नको, माझं मत माझ्यापाशी. त्याचा एक परिणाम मात्र कुणी मोजत नाही. त्या काळात शहापूरच्या किंवा वडगावच्या माणसाला नळाचं पाणी आलं नाही तर जाऊन सांगायला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. प्रशासकाला पुढच्या निवडणुकीची काळजी नसते.

आणि बरखास्तीशिवायही हेच होतं. २०१३ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. पुढचं मतदान ३ सप्टेंबर २०२१ला झालं. आणि महापौर निवडले गेले ते फेब्रुवारी २०२३मध्ये! मत दिल्यावर सभागृह बसायला दीड वर्ष. याच सगळ्या काळात शहरात स्मार्ट सिटीची कामं सुरू होती. बेळगाव त्या योजनेच्या अगदी पहिल्या वीस शहरांच्या यादीत, २०१६च्या जानेवारीत आलं होतं. ती कामं ठरवायची एक वेगळी कंपनी, तिचं संचालक मंडळ. रस्ता उकरलेला, चेंबर उघडं, आणि विचारायचं कुणाला, तर फलकावरच्या नंबराला. कॅन्टोन्मेंट भागात तर २०१५ नंतर निवडणूकच नाही. आणि जिल्हा-तालुका पंचायतींची शेवटची निवडणूक २०१६ची, मुदत २०२१ला संपली, त्यानंतर वर्षांमागून वर्षं निवडणुकीविना गेली. तीन मजल्यांचं घर, वरचे दोन मजले कुलूपबंद. खालच्या मजल्यावरचा माणूस कितीही ओरडला तरी आवाज वर जायचा कुठून?

अशा वेळी हाती उरतात त्या साध्या गोष्टी. अर्ज दोन प्रतींत करणं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेणं. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजावं. मागणीत एकच काम आणि नेमकी जागा लिहिणं. 'आमच्या गल्लीत गटार नाही' असं न लिहिता, 'अमुक घरापासून ओढ्यापर्यंत नवीन गटार बांधावं' असं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभा संपायच्या आधी "आज काय लिहिलं ते वाचून दाखवा" म्हणणं. वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. हजेरीच्या पानावर सही करून माणसं निघून जातात, आणि त्या सह्यांच्या वर नंतर काय लिहिलं जातं ते देवाला ठाऊक.

यातलं मोठ्यांपेक्षा पोरांना चांगलं जमतं, हेही सांगतो. कर्नाटकात 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांची ग्रामसभा घेतात. आमच्या मराठी शाळेतली सातवीतली पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, गेल्या वर्षी आम्ही कंपाउंडची भिंत मागितली होती. तुम्ही हो म्हणाला होता. त्याचं काय झालं?" सभागृह गप्प. आम्ही मोठे लोक दर वर्षी नवी मागणी करतो. गेल्या वर्षीच्या 'हो'चं काय झालं, हे त्या पोरीनं विचारलं.

काकूंच्या गटाराचं सांगायचं राहिलं. पुढच्या वॉर्डसभेला त्या गल्लीतल्या बचत गटाच्या चौदा बायका घेऊन आल्या. मराठीत लिहिलेला अर्ज, खाली सह्या आणि अंगठे. शेवटी कारकून वही मिटायला लागला तशा काकू उठल्या. "थांब रे बाळा. काय लिहिलास ते वाच की." त्यानं कन्नडमध्ये वाचलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. 'निर्माण' होतं. त्या म्हणाल्या, "परत एकदा वाच, ह्या बायकांनाही ऐकू दे." त्यानं परत वाचलं, या वेळी मराठीत.

काम आराखड्यात आलं, झालंही. खरं पैसे पुरले नाहीत म्हणून काकूंच्या दारापासून वीस-एक फूट अलीकडंच गटार थांबलंय. वरच्या गल्लीचं पाणी आता तिथवर नीट येतं आणि मग परत रस्त्यावर पसरतं. काकूंनी मातीची पोती अजून टाकून दिलेली नाहीत. पुढच्या वॉर्डसभेची तारीख लागली का म्हणून त्या मला आठवड्यातून एकदा विचारतात.